नर्सबाईंचं सामान

नर्सबाईंना बेटावर तीन वेळा निरोप देऊन झाला होता. तिन्ही वेळा शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, तिन्ही वेळा मुख्याध्यापक बोलले, आणि तिन्ही वेळा भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळच मिळालं. पहिल्यांदा मुख्याध्यापक म्हणाले, "जड अंतःकरणाने." दुसऱ्यांदाही तेच म्हणाले. तिसऱ्यांदा बिचाऱ्यांनी "पुन्हा एकदा जड अंतःकरणाने" अशी सुरुवात केली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू बाईंनाही आलं होतं. पण घरी येऊन तिसरं घड्याळ टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. माणसाने जायचं म्हणजे किती वेळा जायचं?

पहिल्या खेपेला कारण होतं. बाई निवृत्त झाल्या, पण त्यांच्या जागी दुसरी नर्स काही येईना. "ती येईपर्यंत थांबा हो बाई," असं सगळे म्हणाले आणि बाई थांबल्या. दुसऱ्या खेपेला घरोघर तापाची साथ आली. अशा वेळी ट्रंक उचलून लाँचमध्ये बसायला माणूस दगडाचाच हवा. तिसऱ्या खेपेला समुद्र खवळला, लाँच बंद पडली, आणि ती सुरू होईपर्यंत निरोप शिळा झाला. मग जाऊ, मग जाऊ करता करता आणखी वर्ष गेलं. तोवर नवी नर्स रुजूही झाली होती. चांगली पोरगी, कामाला चोख. सकाळच्या लाँचने यायची, शेवटच्या लाँचने जायची, दवाखान्यामागचं क्वार्टर नको म्हणाली. लोक तिच्याकडे जायचे, औषध घ्यायचे, आणि दवाखान्याला वळसा घालून बाईंच्या खिडकीशी यायचे. "बाई, हे घेऊ ना?" नवीने दिलेली गोळी बाईंना दाखवल्याशिवाय बेटावर कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती.

त्या खिडकीने बाईंचा जीव खाल्ला होता, असं म्हटलं तरी चालेल. क्वार्टरला दार होतं, दाराला कडी होती, पण दार वाजवणार कोण? सगळे खिडकीखाली उभे राहून हाक मारायचे, "बाई, आहात का?" आता सगळीकडून पाणी असलेल्या बेटावर बाई जाणार कुठे? पण विचारायचं तेच. आणि बाई हात पुसत, नाहीतर जेवता जेवता उठत, नाहीतर डोळे चोळत म्हणायच्या, "आले, आले." कुणाच्या पायात काच गेली, कुणाचं पोर रडायचं थांबत नाही, कुणाचा म्हातारा औषधाला तोंड उघडत नाही. काहींना तर काहीच झालेलं नसायचं. नवऱ्याशी भांडून आलेली एखादी 'जरा बीपी बघा' म्हणत बसायची आणि पट्टा दंडाला गुंडाळला की मोकळी रडायची. बाई फुगा दाबत दाबत ऐकून घ्यायच्या. ऐकायचं नाही तर करायचं काय?

आल्या होत्या फक्त एका वर्षासाठी. तेव्हा वेणी कमरेपर्यंत होती, हे आता सांगून कुणाला खरं वाटणार नाही. सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि वर्षभरात बदली करून देण्याचं साहेबांचं तोंडी आश्वासन. धक्क्यावर उतरल्या तेव्हा लाँच लागून चेहरा हिरवा पडलेला, आणि वर पोचतात तोच कुणीतरी हात धरून ओढत नेलं. एकीचे दिवस भरले होते. तोंड धुवायलाही मिळालं नाही. त्या दिवशी जन्मलेलं पोर म्हणजे आजचा लाँचवाला, ज्याला सगळं बेट कप्तान म्हणतं. तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "मला पहिला धपाटा बाईंचा!" यात मिरवण्यासारखं काय आहे ते देव जाणे, कारण निम्म्याअधिक बेटाला पहिला धपाटा बाईंचाच होता.

साहेब बदलले, आश्वासन विरलं. बाईंची थोरली बहीण पलीकडे शहरात नवऱ्याच्या घरी होती. बाई तिला ताई म्हणत. तिने धाकटीसाठी एक स्थळ आणलं. माणूस नीटनेटका, नोकरीचा. तो म्हणाला, बेटावर मी राहणार नाही. बाई म्हणाल्या, बदली मिळाली की येते. तो दोन वर्षं थांबला, हेही त्याचं भलेपणच. मग त्याचं दुसरीकडे जमलं. बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या आठवड्यात दोन बाळंतपणं होती, रडायला सवड मिळाली नाही, आणि नंतर रडायचं राहूनच गेलं.

आणि एक गोष्ट होती, जी बाई कुणाजवळ काढत नसत. बेटावर येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची. ताईकडे दोन दिवस विश्रांतीला गेल्या होत्या. रीतसर रजा घेऊन, सगळ्यांना सांगून. परत आल्या तर धक्क्यावर माणसं गप्प उभी. एका कोळ्याची बायको आदल्या पहाटे बाळंतपणात गेली होती, दिवस भरायच्या खूप आधी. कुणी बाईंना बोल लावला नाही. तो कोळी स्वतः म्हणाला, "तुमचा काय दोष, बाई." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून बाईंनी एकही रात्र बेटाबाहेर काढली नाही. पलीकडे कामाला गेल्या तरी शेवटच्या लाँचने परत. झोपल्या तरी एक कान खिडकीशी. आपला डोळा लागला की कुणीतरी जाईल, हे त्यांच्या मनात असं काही बसलं की पुढे ते खरं की खोटं हे तपासून बघण्याची हिंमतच झाली नाही.

आता मात्र त्या दमल्या होत्या. गुडघे दुखायचे, चढावर दम लागायचा, ते तर या वयात सगळ्यांचंच होतं. हे दमणं निराळं. सकाळी उठल्यावर आदल्या दिवसाइतक्याच थकलेल्या असायच्या. कधी कधी चहाचं भांडं गॅसवर ठेवून तिथेच उभ्या राहायच्या, आणि पाणी आटून भांडं काळं पडायचं. त्यांना आराम नको होता, सत्कार तर मुळीच नको होता. एक झोप हवी होती. कान उघडा न ठेवता काढलेली, पोटभर.

ताई आता एकटी होती. यजमान गेले, मुलगा दूर देशी, आणि तिची नजर अधू होत चालली होती. दर रविवारी फोन करायची. बोलणं मात्र पहिल्यासारखंच तिखट. त्या रविवारी म्हणाली, "हे बघ, तुझी खोली मी रंगवून घेतलीय. रंग कोणता ते विचारू नकोस, मला नीट दिसत नाही. रंगारी म्हणाला चांगला आहे. आता येणार असशील तर ये. नाहीतर मी पुन्हा विचारणार नाही. मला तुझा चेहरा दिसतोय तोवर ये, एवढंच म्हणते." आणि फोन ठेवून दिला. ताई कधी आधी फोन ठेवत नसे. बाई बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसल्या.

चौथ्या वेळी बाईंनी कुणाला सांगायचंच नाही असं ठरवलं. घड्याळं ठेवायला भिंती कुठे राहिल्या होत्या? गुपचूप सामान बांधलं. खाट सुट्टी केली, कपाट रिकामं केलं, गादी गुंडाळली, भांडी पोत्यात भरली. सकाळच्या पहिल्या फेरीला मालाच्या जागेत सगळं चढवलं. कप्तानाने विचारलं तेव्हा "जुनं सामान ताईकडे पाठवतेय," एवढंच म्हणाल्या, आणि ते काही खोटं नव्हतं. पलीकडच्या धक्क्यावर ताई टेंपो घेऊन येणार होती. बाई स्वतः दुपारी शेवटच्या लाँचने निघणार होत्या, हातात एक पिशवी घेऊन, बाजाराला चालल्यासारख्या.

सगळं बेतल्यासारखं झालं असतं. पण सामान बांधून झाल्यावर बाईंनी एक गोष्ट केली. कोनाड्यातला लाल रंगाचा डबा काढला, ब्रश बुडवला आणि प्रत्येक बोचक्यावर, कपाटाच्या पाठीवर, खाटेच्या पायांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: नर्सबाई. हरवू नये म्हणून. इतकी वर्षं प्रत्येक खोक्यावर लिहीत आल्या होत्या, हात आपोआप वळला.

आता हा लाल रंग काय प्रकार आहे ते सांगायला हवं. खूप वर्षांपूर्वी लसींची पेटी पलीकडच्या धक्क्यावर मासळीच्या पेट्यांत मिसळून बर्फासकट बाजारात गेली होती. बाईंनी तिथे जाऊन धक्का डोक्यावर घेतला होता. तिथला हमाल पैलवान, म्हणजे अंगावर मूठभर मांस नाही म्हणून पैलवान, त्याला समोर उभा करून बजावलं होतं: "लाल रंगात नर्सबाई लिहिलेलं दिसलं की ते बेटावर जायचं. पहिल्या लाँचला, सगळ्यांच्या आधी. कुणी काही सांगितलं तरी ऐकायचं नाही. मी स्वतः सांगितलं तरी नाही!" पैलवानाने ते काळजावर कोरून घेतलं. त्या दिवसापासून एक खोकं इकडचं तिकडे झालं नाही.

दुपारी बाई रिकाम्या क्वार्टरमध्ये जमिनीवर बसल्या होत्या. भिंतीला पाठ, शेजारी पिशवी. खाट होती तिथली फरशी स्वच्छ, बाकीची कळकट, हे पहिल्यांदाच दिसलं. खिडकीही बंद केली होती. मनात म्हणत होत्या, दोन तास कुणी हाक मारू नका रे, दोनच तास. तेवढ्यात खालून गलका ऐकू आला. पावलं, हाशहुश, "सांभाळ, कोपरा लागेल!" आणि कुणीतरी न वाजवताच दार सरळ ढकललं.

सुतार आत आला. त्याच्या खांद्यावर बाईंच्या खाटेची एक बाजू. मागे दोघं कपाट घेऊन. त्यामागे गादी, पोती, स्टूल.

"बाई, तिकडे तुमचं सगळं सामान धक्क्यावर पडलेलं होतं!" सुतार धापा टाकत म्हणाला. "पैलवानाने ओळखलं म्हणून बरं. नाहीतर गेलं होतं बाजारात. काळजी नका करू, एक भांडंसुद्धा इकडचं तिकडे झालेलं नाही."

माणसं झपाझप कामाला लागली. खाट होती त्याच जागी उभी राहिली, खिळे ठोकले गेले, कपाट भिंतीला लागलं. तिन्ही घड्याळंसुद्धा आपापल्या खिळ्यांवर गेली. कुठली वस्तू कुठे असते हे कुणालाही विचारावं लागलं नाही, सगळ्यांना पाठ होतं. दहा मिनिटांत खोली अशी झाली, जणू बाई कधी निघाल्याच नव्हत्या.

"अरे, मी जात होते!" बाई ओरडल्या. "कळतंय का तुम्हाला? मी चालले होते इथून!"

सुतार हातोडी घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "हो, पण तुम्ही तर नेहमीच जाता की."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. हसावं की रडावं कळेना. आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाजूला व्हा जरा. मला दिसत नाही, मी कुणाच्याही पायावर पाय देईन."

ताई! बाई उठल्याच. जी ताई आयुष्यभर पाण्याला भ्यायली, एवढ्या वर्षांत एकदाही लाँचवर पाऊल ठेवलं नाही, ती ताई कप्तानाचा हात धरून दारात उभी होती. केस विस्कटलेले, पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"टेंपोवाल्याने उशीर केला," ताई म्हणाली. "पोचले तर तो काडीपैलवान तुझं कपाट लाँचमध्ये चढवतोय. मी म्हटलं, अहो, हे माझ्या बहिणीचं आहे, उतरवा. तर मलाच म्हणतो, आजी, बाईंनी स्वतः सांगितलं तरी ऐकायचं नाही अशी बाईंचीच ऑर्डर आहे! कप्तानही म्हणाला, लाल अक्षरांपुढे माझं काही चालत नाही. मग म्हटलं मीही चढते. वाटेत तुझ्या गादीवर बसून होते, डोळे मिटून. बरं झालं दिसत नाही, पाणी दिसलं असतं तर मेलेच असते." मग चाचपत पुढे आली आणि बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. अगदी जवळून पाहिलं. "काय गं ही दशा? शेवटचं कधी झोपली होतीस?"

बाई बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. माणसं गांगरली. बाईंना रडताना कुणी पाहिलंच नव्हतं. एकेक जण मुकाट बाहेर पडला.

"पड जरा," ताई म्हणाली. "अर्धा तास. शेवटची लाँच आहे ना अजून?"

"कुणी आलं तर?"

"मी बसलेय."

ताईने स्टूल ओढून दारात ठेवलं आणि बसली. बाई खाटेवर आडव्या झाल्या. पाठीखाली गादी अजून समुद्राच्या पाण्याने ओलसर होती. डोळे मिटतात न मिटतात तोच खिडकीखालून हाक आली, "बाई, आहात का?" बाईंचा हात सवयीने खाटेच्या कडेला गेला, पाय जमिनीकडे वळले.

"ती झोपलीय," ताई म्हणाली.

"झोपल्यात? बाई?" बाहेरून आलं. कुणी गाय उडाली म्हणून सांगितलं असतं तरी एवढं आश्चर्य वाटलं नसतं.

"हो. माणसं झोपतात. पुढे नवी नर्स बसलीय ना, तिच्याकडे जा."

"पण तिला आमचं काही माहीत नाही हो."

"मग सांगा तिला. तोंड आहे ना?"

पावलं घुटमळली. पुढे काय झालं ते बाईंना कळलं नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून गेलेलं. संध्याकाळ. बाई दचकून उठून बसल्या. "लाँच?"

"गेली," ताई दारातूनच म्हणाली.

"आणि मला उठवलं नाहीस? कोण कोण येऊन गेलं? कुणाला काय झालं होतं?"

"रांग लागली होती. एकाचा पाय कापला होता, त्याला नव्या पोरीने टाके घातले. एक म्हातारा नुसताच बसून गेला. एक जण गोळी दाखवायला आला होता, मी म्हटलं मला दाखव, मला तरी कुठे दिसतंय. घेतली मग त्याने मुकाट." ताईने स्टूल बाईंकडे वळवलं. "आणि त्या सुताराची सून. तिच्या कळा सुरू झाल्या, वेळेच्या आधी."

सातवा महिना होता तिचा. पायात चपला न घालता त्या दाराकडे धावल्या. ताईने हात आडवा धरला.

"ऐक तर. तिचा सासरा तुला उठवायला आला होता. माझ्याशी भांडला. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू, उठवणारच होते. तर ती सून बाहेर ओट्याला धरून उभी होती, घामाने निथळत होती, ती म्हणाली, झोपू द्या बाईंना. नव्या नर्सने तिला तपासलं, म्हणाली इथे नको, मोठ्या दवाखान्यात नेऊ. शेवटच्या लाँचने सोबत घेऊन गेली. मघाशी कप्तानाचा फोन आला होता. पोचले. कळा थांबल्यात, पोर पोटात नीट आहे, तीही ठीक आहे."

"खरं सांगतेस?"

"तुझी शपथ. सगळे आले आणि सगळे गेले. कुणी मेलं नाही गं."

बाई मागे सरकत खाटेवर बसल्या. ऐकून जीव भांड्यात पडला, आणि लगेच आत कुठेतरी झोंबलं. कुणी मेलं नाही. त्या झोपल्या, पोटभर झोपल्या, आणि कुणीही मेलं नाही.

"मग इतकी वर्षं मी जागी कशाला राहिले गं, ताई?"

ताई स्टुलावरून उठली, चाचपत खाटेपर्यंत आली.

"तेव्हा दुसरं कुणी नव्हतं म्हणून," ती म्हणाली. "आता आहे. सामान जाऊ दे खड्ड्यात, सकाळच्या लाँचने आपण दोघी जाऊ. आता सरक तिकडे, मलाही पाठ टेकू दे."

बाई भिंतीकडे सरकल्या आणि ताईला जागा करून दिली.